राखाडी भिंत आणि पिवळा पडदा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाची रविवारची पुरवणी मी अनेक वर्षे नेमाने वाचते, आणि तिच्यातले घरसजावटीचे पान तर मुद्दाम राखून ठेवून दुपारी निवांतपणे वाचते. हे पत्र त्या पानाबद्दलच आहे. पान देखणे असते, छायाचित्रे स्वच्छ छापलेली असतात, मजकुरात मुद्रणदोषही फारसे सापडत नाहीत. तरी गेल्या काही महिन्यांपासून ते वाचून संपले की हाती खरेदीची यादी तेवढी उरते. यंदा कोणता रंग चलतीत आहे, कोणत्या आकाराची खुर्ची घ्यावी, कोपऱ्यात कोणता दिवा ठेवावा, हे सारे कळते. पण तो रंग डब्यात एक आणि भिंतीवर दुसराच का दिसतो, ती खुर्ची त्याच आकाराची का झाली, तो दिवा हात सोडाल तिथेच थांबतो कसा, यातले काहीच कळत नाही. घरातल्या वस्तूंचा खरा आनंद या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांत आहे, असे माझे मत आहे. ते मत बनले ते माझ्याच एका चुकीमुळे, म्हणून आधी ती चूक सांगते.

बैठकीच्या खोलीतली एक भिंत राखाडी करावी, असे माझ्या मनाने घेतले होते. शेडकार्ड चार दिवस घरात ठेवून, ना निळसर ना तपकिरी असा निव्वळ राखाडी रंग मी निवडला. रंगाऱ्याने दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग वाळल्यावर पाहते, तर भिंत चक्क जांभळट. मी त्याला बोलावून घेतले आणि रंग मिसळण्यात चूक झाली आहे, असे बऱ्यापैकी चढ्या आवाजात सुनावले. त्याने डबा उघडला, पांढऱ्या पुठ्ठ्यावर ब्रशचा एक पट्टा ओढला आणि पुठ्ठा माझ्यापुढे धरला. पट्टा राखाडी होता, भिंत जांभळट होती. त्याने वाद न घालता स्वतःच्या खर्चाने तिसरा हात मारून दिला, तरी भिंत जांभळटच राहिली. पुढे दोन-तीन आठवड्यांनी खिडकीचे गर्द पिवळे पडदे मी धुवायला काढले आणि खोलीत परत येऊन पाहते, तर भिंत राखाडी! पडदे वाळवून पुन्हा लावले, भिंत पुन्हा जांभळट झाली. हा खेळ मी त्या दिवशी चार वेळा केला, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

याचा उलगडा सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे, हे मला नंतर वाचनातून कळले. पॅरिसमध्ये गोबेलाँ नावाचा गालिचे आणि भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रे विणणारा प्रसिद्ध कारखाना आहे. तिथल्या रंगशाळेचा प्रमुख म्हणून १८२४ मध्ये मिशेल यूजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. साबण आणि चरबी यांच्या रसायनशास्त्रात त्याने आधीच नाव कमावले होते. कारखान्यातल्या विणकरांची तक्रार अशी होती की इथल्या काळ्या लोकरीला दम नाही. निळ्या-जांभळ्या भागांत सावली दाखवायला काळा धागा घातला की तो फिका आणि मेलेला दिसतो. शेव्रलने रसायनशास्त्रज्ञाच्या सवयीप्रमाणे आधी रंग तपासला. इतर कारखान्यांतली काळी लोकर मागवून आपल्या लोकरीशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा दोन्हींत काही फरक निघाला नाही. मग त्याच्या ध्यानात आले की काळ्या रंगात खोट नाही, त्याच्या शेजारी असलेल्या निळ्या-जांभळ्यामुळे तो तसा दिसतो आहे. डोळा शेजारशेजारच्या दोन रंगांतला फरक वाढवून पाहतो, आणि प्रत्येक रंग आपल्या विरोधी रंगाची छटा शेजाऱ्यावर टाकतो. निळ्यालगतच्या काळ्यावर नारिंगी-तपकिरी झाक चढते आणि काळा मळकट वाटतो. पिवळ्यालगतच्या राखाडीवर जांभळी झाक चढते, आणि मग रंगारी विनाकारण बोलणी खातो.

शेव्रलने या विषयावरचा आपला ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे जॉर्ज सुरासारख्या चित्रकारांनी त्यातून घेतले ते आपल्याला त्यांच्या ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांत दिसते. शेव्रल स्वतः १०२ वर्षे जगला, त्यामुळे आपल्या शोधाचे चित्रकलेत काय झाले हे पाहायला तो हयात होता. पण मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत जास्त आवडते ते असे की तिची सुरुवात विणकरांच्या कुरकुरीतून झाली. ‘रंग चांगला आहे, तुम्हीच नीट विणा,’ असे सांगून त्यांना वाटेला लावणे एखाद्या वरिष्ठाला सहज जमले असते.

आपल्या पानावर हे सांगायला एका चौकटीपेक्षा जास्त जागा लागणार नाही. एकाच राखाडी कागदाचे दोन सारखे चौकोन कापावेत, एक पिवळ्या कागदावर आणि दुसरा निळ्या कागदावर ठेवावा, आणि घरातल्या कोणालाही विचारावे की हे दोन्ही एकच आहेत का. बहुतेक जण नाही म्हणतील. मग दोन्ही उचलून एकमेकांना चिकटवून दाखवावेत. पाच मिनिटांचा हा प्रयोग केलेला वाचक भिंतीचा रंग निवडताना सोफ्याचे कापड, पडदा आणि फरशीचा तुकडा सोबत घेऊन बसेल, आणि ‘यंदाचा रंग’ ही शब्दरचना त्याला थोडी विनोदी वाटू लागेल.

उजेडाचीही तीच गोष्ट, पण ती थोडक्यात सांगते. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली आणि ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली एकच भिंत दोन घरांतली वाटावी इतकी वेगळी दिसते. दुकानात हुबेहूब जुळलेली दोन कापडे घरी आणल्यावर कधी कधी जुळत नाहीत, त्याचे कारणही दिव्यातच असते. आपल्या छायाचित्रांखाली तो फोटो कोणत्या उजेडात काढला आहे, हे चार शब्दांत छापले तरी पुष्कळ होईल.

भिंतीचाच विषय निघाला आहे, तर जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहालयातल्या एका भिंतीबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही. योहानेस वर्मीर या डच चित्रकाराने १६५७ ते १६५९ च्या सुमारास रंगवलेले, उघड्या खिडकीपाशी पत्र वाचणाऱ्या मुलीचे चित्र तिथे आहे. मुलगी एका बाजूने दिसते, खिडकीच्या काचांत तिचा चेहरा अंधुक उमटलेला आहे, पुढच्या टेबलावर गालिचा विस्कटलेला आहे आणि त्यावर फळांचे भांडे कललेले आहे. तिच्या मागे मोठी, मोकळी, फिकट भिंत. त्या रिकाम्या भिंतीवर आजवर किती लिहिले गेले असेल! तिच्यातली शांतता, मुलीचे एकटेपण, वर्मीरचा संयम. १९७९ मध्ये चित्राची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा भिंतीच्या रंगाखाली एक मोठे चित्र दडलेले आढळले. हातात धनुष्य घेतलेला, उभा मदन. वर्मीरनेच आपला विचार बदलून तो पुसून टाकला असेल, असे सगळ्यांनी धरून चालले.

२०१७ मध्ये चित्राची साफसफाई सुरू झाली आणि रंगाच्या थरांची तपासणी करण्यात आली, तेव्हा त्या समजाला धक्का बसला. मदनावर वर्मीरच्या काळातले वॉर्निश होते, वॉर्निशवर मळाचा थर बसलेला होता आणि त्या मळावर भिंतीचा रंग लावलेला होता. मळाचा थर बसायला वर्षे जावी लागतात, तीही दशकांच्या हिशेबात. म्हणजे भिंत कोरी केली गेली ती १६७५ मध्ये वर्मीर गेल्यानंतर, दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताने. मग संग्रहालयाने तो वरचा रंग काढायचे ठरवले. खालचे मूळ वॉर्निश जपायचे होते, म्हणून हे काम सूक्ष्मदर्शकाखाली, शस्त्रक्रियेच्या बारीक सुरीने, कणाकणाने करावे लागले. २०२१ मध्ये चित्र लोकांसमोर परत आले, तेव्हा भिंतीवर काळ्या चौकटीतला मदन उभा होता आणि त्याच्या पायांखाली मुखवटे तुडवलेले होते. मुलीच्या हातातले पत्र कसले आहे, याची शंका आता उरली नाही.

मला स्वतःला, खरे सांगायचे तर, जुनी कोरी भिंतच जास्त आवडत होती. मदन आल्यापासून चित्र जरा बोलके झाले आहे. पण आवडनिवड बाजूला ठेवली, तरी मळाच्या एका थरावरून एवढा मोठा निष्कर्ष निघतो, ही गोष्ट वाचताना झालेला आनंद मला कोणत्याही नव्या सोफ्याच्या छायाचित्राने दिलेला नाही. आपल्या पानावरचे लेखक जुन्या वस्तूंना ‘कालातीत’ म्हणतात. काळाने त्या वस्तूवर नेमके काय केले आहे, हे त्यांनी कधी जवळून पाहून लिहावे.

पॅरिसच्या उत्तरेला कोंपिएन्यमध्ये एका वृद्ध बाईंच्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या वर, एक लहानसे चित्र टांगलेले होते. लाकडाच्या फळीवरचे, साधारण २६ बाय २० सेंटिमीटरचे. घर रिकामे करताना सामानाची पाहणी झाली आणि २०१९ मध्ये ते तेराव्या शतकातल्या चिमाबुए या इटालियन चित्रकाराचे असल्याचे जाहीर झाले. याच मालिकेतल्या दोन फळ्या आधीच न्यूयॉर्क आणि लंडनच्या संग्रहालयांत होत्या. त्या आणि ही फळी एकाच मोठ्या पटाचे तुकडे आहेत, याच्या पुराव्यांत लाकूड पोखरणाऱ्या किडीची भोकेही होती. एका फळीतले बोगदे दुसऱ्या फळीतल्या बोगद्यांशी जुळत होते. आता ते चित्र लूव्ह्रमध्ये आहे. ही बातमी आपल्याकडे छापून आली ती फक्त लिलावातल्या आकड्यासाठी. किडीचे नाव कोणी काढले नाही.

खुर्च्यांबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या पानावर मागे एकदा ‘अभिजात कॅफे खुर्ची’ असे म्हणून एक छायाचित्र छापले होते आणि त्याखाली तिच्याविषयी एक अक्षरही नव्हते. गोलाकार बैठक आणि वळवलेल्या लाकडाची पाठ असलेली ती खुर्ची व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांच्या कंपनीत १८५९ मध्ये तयार झाली आणि १४ क्रमांकाची खुर्ची म्हणून ओळखली गेली. तिच्यात लाकडाचे फक्त सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट आहेत. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात बसत, त्यामुळे त्या जहाजाने कुठेही पाठवता येत आणि पोहोचल्यावर जोडता येत.

पण गंमत आहे ती वळणात. थोनेट आधी लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसाने एकावर एक चिकटवून त्यांना आकार देत असत. दमट हवेच्या देशांत तो सरस सुटे आणि खुर्ची उकलू लागे. म्हणून अख्खी काठीच वाकवायची, असे त्यांनी ठरवले. वाफेवर ठेवलेले लाकूड मऊ होते, पण ते दाबले जाण्याला जितके तयार असते तितके ताणले जाण्याला नसते. काठी वाकवली की आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते, आणि बाहेरच्या बाजूचे धागे चिरतात. थोनेट यांनी बाहेरच्या बाजूला लोखंडाची पट्टी घट्ट बांधली आणि काठीची दोन्ही टोके तिच्यात अडकवली. पट्टी ताणली जात नाही, म्हणून तिला बिलगलेले लाकूडही ताणले जात नाही. सगळा भार आतल्या बाजूच्या दाबावर जातो, आणि तो तर लाकूड सोसू शकते. एवढे कळल्यावर त्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून पाहावा. सांधा न येता तो मागच्या एका पायापासून वर जाऊन दुसऱ्या पायापर्यंत उतरतो, कारण ती एकच काठी आहे.

फर्निचरचे रचनाकार मार्सेल ब्रॉयर यांना १९२५ मध्ये स्वतःच्या सायकलचे हँडल पाहून पोलादी नळीची खुर्ची सुचली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी रचनाकार दांपत्याने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पायाला बांधायच्या प्लायवुडच्या खपच्या बनवल्या, आणि त्या कामात हाती आलेली प्लाय वळवण्याची रीत पुढे त्यांच्या खुर्च्यांत उतरली. जॉर्ज कारवर्डीन मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करत होते; स्प्रिंगांचा समतोल साधण्याच्या त्या कामातून १९३२ मध्ये त्यांचा टेबलावरचा दिवा जन्माला आला, ढकलाल तिथे थांबणारा. अशा दहा-बारा हकिकती मला पाठ आहेत आणि पत्राची लांबी आधीच सुटली आहे, म्हणून इथे थांबते.

या हकिकती सांगताना एक शब्द मात्र टाळावा, अशी विनंती आहे. तो शब्द म्हणजे ‘अपघाताने’. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत हिवतापावरचे क्विनाइन बनवायचा प्रयत्न केला आणि भांड्यात काळपट साका तेवढा उरला. ते भांडे अल्कोहोलने स्वच्छ करताना जांभळा रंग उतरला, आणि तो रेशमावर चढतो का हे त्याने पाहिले. साका अपघाताने आला असेल, रेशमाचा तुकडा काही अपघाताने आला नव्हता. बर्लिनमध्ये १७०६ च्या सुमारास लाल रंग करायला गेलेल्या माणसाला पोटॅश नावाचा क्षार अशुद्ध असल्यामुळे निळा मिळाला. तो प्रशियन निळा पुढे जपानला पोहोचला आणि १८३१ च्या सुमाराच्या, होकुसाई या चित्रकाराच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रात दिसला. तो पोटॅश फेकून देऊन पहिल्यापासून लाल करायला बसणारी माणसेच जगात जास्त असतात. मी स्वतः त्यांतलीच एक आहे, हे माझ्या भिंतीने सिद्ध केलेच आहे.

आता एक स्पष्ट तक्रार. ‘दोन तासांत किंत्सुगी’ या शीर्षकाखाली आपल्या पानावर फुटलेला कप जोडण्याची कृती आली होती. बाजारातल्या चिकटद्रव्यात सोनेरी भुकटी कालवून भेगांवर लावायची, एवढीच ती कृती होती. कप तशा रीतीने जरूर जोडावा, छान दिसतो. पण त्याला किंत्सुगी म्हणू नये. जपानी किंत्सुगीत सांधण्याचे काम उरुशी नावाच्या झाडाचा चीक करतो. त्यात पीठ मळून तुकडे जोडतात, खळगे भरतात, घासतात, पुन्हा लेप देतात. हा चीक उन्हात वाळवून घट्ट होत नाही, त्याला दमट हवा लागते, म्हणून जोडलेले भांडे ओलसर पेटीत ठेवतात. कच्चा चीक अंगाला लागला तर पुरळ उठते. सगळ्याला आठवडेच्या आठवडे जातात, आणि सोन्याची पूड अगदी शेवटी, त्याच चिकाच्या बारीक ओल्या रेघेवर भुरभुरली जाते. दिसते ते सोने, धरून ठेवतो तो चीक. दोन तासांच्या कृतीत जे गाळले गेले आहे, ते गाळल्यावर लिहिण्यासारखे फारसे काही उरतच नाही.

माझी मागणी मोठी नाही. पानावरच्या जाहिराती आणि छायाचित्रे चालवण्याची आपली गरज मी समजू शकते, आणि नव्या वस्तू पाहायला मलाही आवडते. फक्त दर रविवारी एका वस्तूला चारशे शब्द द्यावेत. ती कशाची आहे, कोणी आणि कधी केली, कोणत्या अडचणीतून तिला हा आकार आला, आणि घरात ती असेल तर कुठे हात लावून पाहावे, एवढेच त्यात असावे. वस्तू नवी असावी असा आग्रह नको. दाराची कडी, बिजागरी, कपाचा कान, उशीच्या अभ्र्याची शिवण, काहीही चालेल. लेखकांना एकच अट घालावी, की वस्तू प्रत्यक्ष हाताळल्याशिवाय तिच्यावर लिहू नये. आणि छायाचित्राखालच्या ओळीत ‘मनमोहक’ या शब्दाऐवजी लाकडाची जात आणि वस्तूची मापे छापावीत.

पत्र टपालात टाकण्याआधी एक देणे फेडायचे राहिले होते, ते काल फेडले. त्या रंगाऱ्याला फोन करून सारी हकिकत सांगितली आणि माझीच चूक होती, हे कबूल केले. तो हसला. ‘ताई, पडदा तेव्हाच दाखवला असतात तर मीच सांगितलं असतं,’ एवढेच म्हणाला. तिसऱ्या हाताचे पैसे मात्र त्याने आता घेतले.

आपली विश्वासू,
रविवारच्या पुरवणीची एक जुनी वाचक